वोल्फेनब्युटेलचा उशिरा आलेला ड्यूक

११ ऑगस्ट १६३४ रोजी ब्राउनश्वाइग शहरात ड्यूक फ्रीडरिश उलरिश निपुत्रिक वारला, आणि जेमतेम दीड महिन्याने, २६ सप्टेंबरला, तिथून उत्तरेकडे एल्ब नदीकाठच्या हित्सॅकर नावाच्या लहान गावात डोरोथेआ ही २७ वर्षांची स्त्री मरण पावली. पहिल्या मृत्यूने वोल्फेनब्युटेलचे संस्थान धन्याविना उरले, दुसऱ्याने चार मुले आईविना. या दोन्ही घटना ज्याच्या दारात येऊन थांबल्या, तो आउगुस्ट त्या वेळी ५५ वर्षांचा होता. त्या शतकाच्या मानाने हे वय निरवानिरवीचे. या गृहस्थापुढे अजून एक लग्न, एक गादी आणि ३२ वर्षांचे आयुष्य वाढून ठेवले आहे, असे तेव्हा कोणी म्हटले असते तर ऐकणाऱ्यांनी ते सांत्वनाचे बोलणे समजून सोडून दिले असते.

ब्राउनश्वाइग-ल्युनेबुर्गचे वेल्फ घराणे जुने आणि मानाचे; परंतु वाटण्या होऊन होऊन त्याच्या इतक्या पात्या, म्हणजे शाखा, झाल्या होत्या की काही ड्यूकांच्या वाट्याला पदवी पुरेपूर आणि मुलूख नावापुरता येई. डानेनबेर्गची पाती ही अशीच धाकटी. तिथे १० एप्रिल १५७९ रोजी जन्मलेला आउगुस्ट हा बापाचे सातवे अपत्य. त्यामुळे त्याच्याकडून कोणाला फारशी अपेक्षा नव्हती, आणि माझ्या मते त्याच्या आयुष्यातले पहिले भाग्य हेच होते. रोस्टॉक, ट्युबिंगेन आणि स्ट्रासबुर्ग येथे तो शिकला. राजकुळातल्या विद्यार्थ्याला मानाचे रेक्टरपद देण्याच्या तत्कालीन प्रथेमुळे विद्यार्थिदशेतच दोन विद्यापीठांचा रेक्टरही झाला. मग इटलीपासून इंग्लंडपर्यंत प्रवास झाला आणि १६०३ मध्ये पहिल्या जेम्सच्या राज्यारोहणाच्या वेळी तो लंडनमध्ये होता. परत आल्यावर, १६०४ मध्ये, थोरल्या भावाशी तडजोड होऊन त्याला हित्सॅकर मिळाले. तिथे तो तीस वर्षे राहिला.

तीस वर्षे हा काळ थोडा नव्हे. एखाद्या दुसऱ्या राजपुत्राने ती शिकारीत, मद्यात किंवा चुलतभावांविरुद्धच्या दाव्यांत घालवली असती. आउगुस्टने १६१६ मध्ये लाइपझिगला बुद्धिबळावर एक जाडजूड ग्रंथ छापला. जर्मन भाषेत या खेळाचा एवढा सविस्तर विचार त्यापूर्वी झालेला नव्हता. नाव मात्र स्वतःचे घातले नाही. ‘आउगुस्टुस’ची अक्षरे फिरवून ‘गुस्टाव्हुस’ आणि ल्युनेबुर्गमधल्या चंद्रावरून (लुना, ग्रीकमध्ये सेलेने) ‘सेलेनुस’, असे ‘गुस्टाव्हुस सेलेनुस’ हे टोपणनाव त्याने घेतले. याच नावाने १६२४ मध्ये सांकेतिक लेखनावरचा नऊ भागांचा लॅटिन ग्रंथ निघाला. या दोन विषयांची निवड मला बोलकी वाटते. एकात पटावरचा राजा चालतो, दुसऱ्यात गुप्त खलिते धाडले जातात. दोन्हींत राज्यकारभाराची सगळी सामग्री आहे, फक्त राज्य नाही. ज्याच्या हाती सत्ता नव्हती, त्याने सत्तेची व्याकरणे लिहिली.

ग्रंथसंग्रह लहानपणीच सुरू झाला होता, आता तो वाढू लागला. १६१३ पासून आउग्स्बुर्गचा फिलिप हाइनहोफर हा त्याच्यासाठी ग्रंथ विकत घेऊ लागला. हाइनहोफर कलावस्तूंचा व्यापारी होता, अनेक दरबारांचा बातमीदारही होता. त्यामुळे पेट्यांतून पुस्तकांबरोबर दक्षिण जर्मनीच्या घडामोडीही हित्सॅकरला पोहोचत. पुढे इतर शहरांतही असे दलाल नेमले गेले. १६१८ मध्ये तीस वर्षांचे युद्ध पेटले, रस्ते असुरक्षित झाले, गावेच्या गावे ओस पडली, तरी हा व्यवहार चालूच राहिला. होरपळलेल्या मुलखात पुस्तकांवर होणाऱ्या खर्चाचे समर्थन काय, हा प्रश्न त्याच्याविषयी वाचताना मला सोडत नाही आणि त्याचे उत्तर त्याच्या विद्वत्तेत शोधणे मला प्रामाणिक वाटत नाही. एवढे मात्र खरे की तो जमवत होता ते मिरवण्यापुरते नव्हते. सुबक हस्तलिखितांइतक्याच आस्थेने तो चार-आठ पानांची पत्रके, वादग्रंथ, प्रवचने आणि युद्धवार्ता जमवी आणि अशी कितीतरी चोपडी एकत्र बांधून घेई. म्हणून त्याच्या संग्रहाची गणती करताना खंडांचा आकडा वेगळा आणि त्यांतल्या लेखनाचा आकडा वेगळा द्यावा लागतो. १६६६ मध्ये तो वारला तेव्हा तिथे सुमारे १,३५,००० स्वतंत्र लेखनकृती होत्या. त्या काळी आल्प्सच्या उत्तरेस एवढा संग्रह असलेली ठिकाणे फारच थोडी होती.

संग्रह करणारे पुष्कळ असतात. आउगुस्टचे वेगळेपण यादीत आहे. पांढऱ्या चामड्याच्या बांधणीच्या पाठीवर ग्रंथाचे नाव आणि क्रमांक तो आपल्या हाताने लिहीत असे. सूचीचाही बराचसा भाग त्याच्याच हातचा आहे. ही सूची वाढत वाढत सहा अवजड खंडांची आणि सुमारे ७,२०० पानांची झाली. एवढे खंड एकामागून एक उचलून चाळणे म्हाताऱ्या माणसाला शक्य नव्हते, म्हणून त्यासाठी एक लाकडी चाक बनवले गेले. रहाटाला पोहरे असावेत तशा त्याला फळ्या. प्रत्येक फळीवर एक खंड उघडा ठेवायचा, खुर्चीत बसून चाक फिरवायचे, की हवा तो खंड समोर येतो आणि आतल्या दात्यांच्या चाकांमुळे कोणताही खंड कलत नाही. हे चाक आजही वोल्फेनब्युटेलच्या ग्रंथालयात उभे आहे.

साऱ्या ज्ञानाची त्याने वीस वर्गांत वाटणी केली होती. पहिला मान धर्मशास्त्राचा, मग कायदा, इतिहास, युद्ध, राजनीती, घरसंसार व शेती, नीती, वैद्यक, भूगोल, ज्योतिष, संगीत असे करत करत व्याकरणापर्यंत; शेवटी हस्तलिखिते, आणि त्यांच्या आधी एक वर्ग ‘क्वोडलिबेटिका’ नावाचा, म्हणजे जे कुठेच बसत नाही त्याचा. हा वर्ग त्याने लाजेकाजेस्तव ठेवला नव्हता. तिथे भरपूर ग्रंथ आहेत. जगाची व्यवस्था लावायला बसलेल्या माणसाने व्यवस्थेबाहेरच्या गोष्टींसाठी एवढी ऐसपैस जागा राखावी, यावरून माझे त्याच्याविषयीचे मत बरे झाले.

घर मात्र असे वर्ग पाडून लावता येत नव्हते. १६०७ मध्ये त्याने पॉमेरेनियाच्या क्लारा मारियाशी लग्न केले. ती विधवा होती, वयाने त्याच्याहून मोठी होती, आणि सोळा वर्षांच्या संसारात तिला जगलेले मूल झाले नाही. ती १६२३ मध्ये वारली आणि त्याच वर्षी आउगुस्टने आन्हाल्ट-झेर्ब्स्टच्या डोरोथेआशी लग्न केले. तो ४४ वर्षांचा, ती १६ वर्षांची. पहिला मुलगा दोन वर्षांचा होऊन गेला. त्यानंतर १६२७ मध्ये रुडॉल्फ आउगुस्ट, १६२९ मध्ये सिबिले उर्सुला, १६३२ मध्ये क्लारा आउगुस्टा आणि १६३३ मध्ये आंटोन उलरिश जन्मले. डोरोथेआविषयी या जन्मांच्या तारखांपलीकडे फारसे कोणी बोलत नाही.

फ्रीडरिश उलरिशच्या मृत्यूनंतर सगळ्या पात्यांनी हक्क सांगितले आणि वाटाघाटी सव्वा वर्ष चालल्या. शेवटी १६३५ च्या अखेरीस वोल्फेनब्युटेलचे संस्थान आउगुस्टकडे आले. त्याच वर्षी त्याने तिसरे लग्न केले होते. मेक्लेनबुर्ग-ग्युस्ट्रोची सोफी एलिझाबेथ तेव्हा २१ वर्षांची होती. राज्य तर मिळाले, पण राजधानी मिळाली नाही, कारण वोल्फेनब्युटेलच्या किल्ल्यात पवित्र रोमन सम्राटाची फौज बसलेली होती आणि ती हलायला तयार नव्हती. नवा ड्यूक आपल्या नव्या बायकोसह आणि चार लेकरांसह ब्राउनश्वाइगच्या जुन्या वाड्यात राहिला, आणि तिथेही वाट पाहणे आलेच. १६४२ मध्ये गोस्लार येथे वेल्फ ड्यूकांनी सम्राटाशी तह केला. पुढच्या वर्षी फौज निघाली. १६४४ मध्ये ग्रंथ वोल्फेनब्युटेलला आले आणि घोडशाळेच्या इमारतीत लागले. त्या गावात पूर्वी एक ग्रंथसंग्रह होता, परंतु तो १६१८ मध्येच हेल्मश्टेटच्या विद्यापीठाला देऊन टाकलेला होता. आउगुस्ट आला तो रिकाम्या, लढाईने खिळखिळ्या झालेल्या गावात.

सोफी एलिझाबेथ संगीतकार होती. हौसेने वाद्य वाजवणाऱ्या राजस्त्रिया तेव्हा बऱ्याच असत. ही रचना करीत असे आणि आपल्या रचना ड्रेस्डेनच्या हाइनरिश श्युट्झ या त्या काळच्या थोर जर्मन संगीतकाराला दाखवून सुधारून घेत असे. पुढे १६५५ मध्ये श्युट्झ वोल्फेनब्युटेलच्या संगीतव्यवस्थेचा, दूर राहूनच, प्रमुख झाला. १६४२ च्या तहानंतर ब्राउनश्वाइगच्या वाड्यात ‘शांतीचा विजय’ या विषयावर एक खेळ झाला. त्याचे शब्द मुलांचा शिक्षक युस्टुस गेओर्ग शोटेलिउस याचे, संगीत सोफी एलिझाबेथचे, आणि पात्रांत मुले स्वतः. शोटेलिउस हा पुढे जर्मन व्याकरणाचा मोठा पंडित म्हणून गाजला. आल्बर्ट फ्रायझं या चित्रकाराने १६४५ च्या सुमारास या कुटुंबाचे चित्र काढले आहे, त्यात सगळे वाद्यांभोवती जमलेले आहेत आणि सावत्र आई व्हिओला द गांबा हे गजाने वाजवायचे तंतुवाद्य वाजवीत आहे. राजघराण्याच्या चित्रात सहसा तलवारी, मुकुट आणि कुत्री असतात. इथे वाद्ये आहेत. अर्थात चित्रकाराला काय काढायचे ते सांगितलेले असते, हेही विसरू नये. परंतु जे सांगितले गेले तेच पुरेसे बोलते.

या मुलांत मला सर्वांत ओढ वाटते ती सिबिले उर्सुलाची. तिला भावांच्या बरोबरीने शिकवले गेले. योहान व्हालेंटिन आंड्रेए या वयोवृद्ध धर्मपंडिताशी ती लॅटिनमधून पत्रव्यवहार करी आणि पॅरिसच्या माद्लेन द स्क्युदेरी या कादंबरीकर्तीशीही तिची पत्रे होती. ला काल्प्रनेदच्या लांबलचक फ्रेंच कादंबऱ्या तिने जर्मनमध्ये आणायला घेतल्या. मग तिने स्वतः एक कादंबरी रचायला सुरुवात केली. पुरातन सीरियाची राजकन्या आरामेना, तिच्याभोवती गुंफलेल्या असंख्य प्रेमकथा, वेषांतरे, हरवलेली आणि सापडलेली भावंडे. १६६३ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, तिचे लग्न ग्ल्युक्सबुर्गच्या ड्यूक क्रिस्टियानशी झाले आणि ती उत्तरेला डेन्मार्कच्या बाजूस गेली. तिथून पुढे आजारपण सुरू झाले. नवऱ्याकडून आलेला सिफिलिस हे त्याचे कारण असावे, असे अभ्यासकांना वाटते. तिची मुले जगली नाहीत आणि डिसेंबर १६७१ मध्ये ती गेली.

‘आरामेना’ १६६९ ते १६७३ या काळात न्युर्नबेर्गहून पाच खंडांत निघाली. मुखपृष्ठावर कोणाचेच नाव नव्हते, पण ती धाकट्या भावाची, आंटोन उलरिशची, म्हणून प्रसिद्ध झाली आणि जर्मन वाङ्मयाच्या इतिहासात त्याच्याच नावावर नोंदली गेली. हस्तलिखिते तपासून बहिणीचा वाटा ठरवण्याचे काम विसाव्या शतकात झाले. आंटोन उलरिशने चोरी केली असे मी म्हणणार नाही. त्याने ते काम पुढे नेले, वाढवले, कवी सिगमुंड फॉन बिर्केनकडून संस्कारून घेतले. त्या घरात सगळे एकमेकांच्या लेखनात हात घालीतच होते, आणि १६६७ मध्ये त्याच्याच भक्तिगीतांचा संग्रह निघाला तेव्हा चाली सावत्र आईच्या होत्या. तरीही एक फरक उरतोच. आउगुस्टने नाव लपवले ते हौसेने, आणि टोपणनावामागचा ड्यूक कोण हे ज्यांना कळायचे त्यांना कळत होते. मुलीचे नाव लपले ते लपवावे लागले म्हणूनही नव्हे. ते विचारायचे कोणाला सुचलेच नाही. बापाच्या सूचीत लेखकाचे नाव किती काटेकोरपणे टिपलेले असे, हे आठवले की ही गोष्ट अधिक खुपते.

आउगुस्ट राज्यकर्ता म्हणून कसा होता? संथ, चिकट आणि कागदावर भर देणारा. १६५१ मध्ये त्याने शाळांसाठी नियमावली काढली, युद्धानंतरचा कारभार हळूहळू मार्गी लावला. धर्म हा त्याच्या म्हातारपणाचा मुख्य व्यवसाय झाला होता. चारही शुभवर्तमानांतला वृत्तान्त एकत्र गुंफून त्याने १६४६ मध्ये ग्रंथ काढला आणि लूथरचे बायबल जुने झाले असे वाटून नव्या भाषांतराचे काम एका हेल्मश्टेटच्या प्राध्यापकावर सोपवले. लूथरपंथीय धर्मपंडितांना हे रुचले नाही. छपाई सुरू झाली होती, पण १७ सप्टेंबर १६६६ रोजी ८७ वर्षांचा ड्यूक मरण पावला आणि ते काम तिथेच थांबले.

त्यानंतर गादीवर आला रुडॉल्फ आउगुस्ट, शांत आणि शिकारीत रमणारा. त्याने १६७१ मध्ये बंडखोर ब्राउनश्वाइग शहर ताब्यात आणले हे त्याचे राजकीय कर्तृत्व. परंतु मला तो लक्षात राहतो तो दोन वेगळ्याच गोष्टींमुळे. पहिली पत्नी वारल्यावर त्याने १६८१ मध्ये एका न्हावी-शल्यवैद्याच्या मुलीशी लग्न केले. दर्जाच्या नियमांमुळे तिला ड्यूकपत्नी म्हणता येईना, म्हणून दरबाराने तिला ‘मादाम रुडॉल्फिन’ म्हणायला सुरुवात केली. दुसरी गोष्ट अशी की जानेवारी १६९७ मध्ये त्याच्या ग्रंथालयाचा प्रमुख असलेल्या लाइबनिझ या तत्त्वज्ञ-गणितज्ञाने नववर्षाच्या शुभेच्छा देताना त्याला एक पत्र लिहिले आणि केवळ शून्य व एक या दोन अंकांनी सगळ्या संख्या कशा लिहिता येतात ते त्यात मांडून दाखवले. शून्यातून सृष्टी कशी झाली याचे हे चित्र पदकावर कोरून घ्यावे, असेही सुचवले. आजचे सगळे संगणक ज्या पद्धतीवर चालतात, तिची मांडणी अशी एका भिडस्त ड्यूकला वर्षारंभाची भेट म्हणून आली होती.

महत्त्वाकांक्षा आली ती आंटोन उलरिशकडे. थोरल्या भावाने १६८५ मध्ये त्याला सहशासक केले आणि तेव्हापासून दौत आणि शिक्का दोन्ही व्यवहारात धाकट्याच्याच हाती गेले. सॉल्झडाहलुमला त्याने मोठा प्रासाद उभारला, पण पैसे कमी असल्यामुळे तो बराचसा लाकडाचा आणि दगडाचा आव आणणारा. १६९२ मध्ये हॅनोव्हरच्या चुलत पातीला सम्राटाने इलेक्टरपद, म्हणजे सम्राट निवडण्याचा मान, दिले, ते त्याला सहन झाले नाही. त्याचा विरोध इतका विकोपाला गेला की १७०२ मध्ये त्या चुलत पातीच्या फौजा संस्थानात घुसल्या आणि त्याला पळून जावे लागले; भावाने मुकाट्याने तह केला. १७०४ मध्ये भाऊ वारला तेव्हा कुठे आंटोन उलरिश एकटा सत्ताधीश झाला. वय वर्षे सत्तर. बापापेक्षाही चौदा वर्षे उशीर.

जे युद्धाने साधले नाही ते त्याने नातींच्या लग्नांनी साधले. एलिझाबेथ क्रिस्टिनेचे लग्न १७०८ मध्ये पुढे सम्राट झालेल्या कार्लशी झाले; ऑस्ट्रियाची राज्यकर्ती मारिया तेरेझा ही तिची मुलगी. त्यासाठी या मुलीला लूथरपंथ सोडून कॅथॉलिक व्हावे लागले. धर्म सोडायचा की नाही यावर ती खूप अडली होती, आणि हेल्मश्टेटच्या धर्मपंडितांनी धर्मांतराला हरकत नसल्याचा अभिप्राय दिला. दुसरी नात शार्लोटे क्रिस्टिने १७११ मध्ये रशियाचा झार पीटर याच्या मुलाला, अलेक्सेईला दिली. १७१५ मध्ये मुलाला जन्म देऊन ती काही दिवसांतच पीटर्सबर्गमध्ये वारली. आणि १७१० मध्ये आंटोन उलरिशने स्वतःच, वयाच्या ७६ व्या वर्षी, कॅथॉलिक पंथ स्वीकारला. ज्या बापाने म्हातारपण लूथरचे बायबल सुधारण्यात घालवले, त्याचा हा मुलगा. श्रद्धा किती आणि हिशेब किती, हे त्यालाही सांगता आले असते की नाही याची मला शंका आहे. याच वर्षांत त्याने ग्रंथांसाठी हेर्मान कोर्ब या वास्तुकाराकडून घुमट असलेली नवी इमारत बांधून घेतली, आणि ‘ऑक्टाव्हिया’ ही रोमन कादंबरी तो लिहितच होता. हजारो पाने झाली, १७१४ मध्ये तो वारला, कादंबरी अपुरी राहिली.

उरला फेर्डिनांड आल्ब्रेश्ट, सोफी एलिझाबेथचा मुलगा, भावांत सर्वांत धाकटा आणि सर्वांत चिडका. (त्याची सख्खी बहीण मारी एलिझाबेथ आणि सावत्र बहीण क्लारा आउगुस्टा लग्न होऊन दूर गेल्या, त्यांच्याविषयी इतिहासाने मौनच पाळले आहे.) युरोपभर हिंडलेला, लंडनच्या रॉयल सोसायटीचा सदस्य झालेला हा राजपुत्र वारशाच्या वाटणीत भावांशी भांडला आणि १६६७ मध्ये वेसर नदीजवळच्या बेव्हर्नच्या गढीवर त्याची बोळवण झाली. तिथे त्याने दुर्मिळ वस्तू जमवल्या, नाटके करवली, आणि आपले आयुष्य व आपल्यावरचा अन्याय सांगणारा विक्षिप्त ग्रंथ लिहून १६७८ मध्ये बेव्हर्नमध्येच छापून घेतला. जर्मन भाषेच्या संवर्धनासाठी निघालेल्या ‘फलदायी मंडळी’त प्रत्येक सदस्याला एक उपनाव मिळे: आउगुस्टला ‘मुक्तिदाता’, आंटोन उलरिशला ‘विजयाने झळकणारा’, आणि याला ‘विचित्र’. त्याने ते अभिमानाने मिरवले. बापाच्या वीस वर्गांपैकी क्वोडलिबेटिका हा वर्ग जणू याच्यासाठीच राखून ठेवला होता.

आणि तरीही घराणे चालले ते याच्याच वंशातून. आंटोन उलरिशचे मागे उरलेले दोन्ही मुलगे पाळीपाळीने गादीवर बसले, पण दोघांनाही मुलगा झाला नाही. १७३५ मध्ये वोल्फेनब्युटेल बेव्हर्नच्या ‘विचित्रा’च्या मुलाकडे गेले, त्याची बायको आंटोन उलरिशचीच नात होती, म्हणजे दोन भावांचे जुने भांडण तिसऱ्या पिढीत मिटले. तो काही महिनेच जगला. त्याचा मुलगा कार्ल याने १७५० च्या दशकात दरबार ब्राउनश्वाइगला हलवला. ग्रंथ हलवले नाहीत. १७७० मध्ये त्यांची देखरेख करायला लेसिंग हा नाटककार आला, तेव्हा त्याला मिळाले ते निम्मे ओस पडलेले गाव आणि आउगुस्टने लावून ठेवलेली कपाटे. आंटोन उलरिशची घुमटाची इमारत १८८७ मध्ये पाडली गेली, परंतु ग्रंथांवरचे क्रमांक बदलले नाहीत. आजही तिथला एखादा जुना ग्रंथ मागवायचा असेल तर मागणीपत्रावर म्हाताऱ्या ड्यूकने नेमून दिलेला वर्ग आणि अंक लिहावा लागतो.